मातृभाषेचा रकाना

राजपाल गुरुजींच्या वाट्याला एकशे बावीस घरं आली होती. निवृत्तीला चार महिने उरलेले, गुडघे सुजलेले, तरी जनगणनेच्या कामातून सुटका नव्हती. कर्नाटकातल्या जनवाड्याजवळच्या त्या गावात बत्तीस वर्षं त्यांनी मराठी शाळा चालवली होती. लिंगायत गल्लीत ते कन्नडमधून विचारायचे, मुस्लिम मोहल्ल्यात दखनी उर्दूतून. चार-दोन घरी त्यांच्यासाठी खुर्ची अंगणात यायची, आत बोलावणं नसायचं. भीमनगरच्या माणसाला हे नवं नव्हतं. ते बसायचे, लिहायचे, उठायचे.

पाचव्या दिवशी ते धनराजच्या घरी पोचले. धनराज त्यांचाच विद्यार्थी, आता चिटगुप्प्याला सोयाबीनची आडत चालवणारा.

"मातृभाषा?"

"कन्नड लिवा, गुरुजी."

गुरुजींनी मान वर केली. "कामून रे? घरात तर मराठीच बोलायलाव."

"पोरगी मंजुश्री कन्नड शाळंत जायलीय. पुढं नोकरीला तेच लागतंय." धनराजनं उलट विचारलं, "तुमच्या शाळंत किती पोरं उरलीत?"

"नऊ."

"आन् तुमचा नातू?"

नातू बिदरला इंग्रजी शाळेत होता. गुरुजींनी रकान्यावर पेन टेकवलं.

दाराआडून धनराजची आई राजूबाई म्हणाली, "माझं बी कन्नड लिवायलाव का? मला तर येतच न्हाई."

"आई, तू गप बस की."

"प्रत्येकाचा रकाना वेगळा हाय," गुरुजी म्हणाले. "ज्याचं त्यानं सांगायचं."

राजूबाईंचं मराठी लिहिलं; धनराज, त्याची बायको आणि मंजुश्री, तिघांचं कन्नड. धनराजनं वाद घातला नाही. चहा आला, गुरुजींनी निम्मा तसाच ठेवला आणि पुढच्या घराची वाट धरली. अजून एकतीस घरं होती.

गणती संपली. आकडे कुठं गेले, त्यांचं काय झालं, हे सांगायला कुणी आलं नाही. उन्हाळी सुट्टीत मात्र नऊ पोरांचे दाखले पालकांनी एकेक करून नेले. मेअखेर गुरुजींनी रिकाम्या वर्गांना कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या कन्नड शाळेच्या निलम्मा बाईंच्या हाती दिली.

"ऊट आयता, सर?" बाईंनी आपुलकीनं विचारलं, जेवण झालं का म्हणून.

"आयतु," झालं म्हणत गुरुजींनी मान हलवली. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. ते सावली धरून हळूहळू घराकडे निघाले.