पातळाकडून दाटाकडे

जिन्यावर चपला ओढल्याचा आवाज आला की तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना कळतं, थेंबमावशी कामावरून आल्या. दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबतो. तिथे त्या कठड्याला टेकून उभ्या राहतात, आणि कुणी दार उघडलंच तर पिशवीत किल्ली शोधत असल्याचं सोंग करतात. किल्ली गळ्यातल्या दोरीला असते, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. पण दम लागलाय हे तोंडावर कशाला म्हणा.

त्यांच्या नोकरीची इमारतीत पूर्वी फार कुजबुज होती. एचआयव्हीच्या प्रयोगशाळेत काम करतात म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वर्षभर त्यांच्याकडचा चहा चुकवला. शेवटी मावशींनी त्यांना जिन्यातच गाठलं. "काकू, आमचे हे आयुष्यभर पोस्टमन होते. त्यांच्या हातचा चहा प्यायल्यावर कधी अंगावर शिक्के उमटले का?" काकू त्या दिवसापासून रोज येतात. आता येऊ नका म्हणायची पाळी आली आहे.

काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. एचआयव्ही झालेला माणूस नेमाने गोळ्या घेतो तेव्हा त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो. माणूस ठणठणीत राहतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण काही पेशींच्या पोटात विषाणू दडी मारून झोपलेला असतो. गोळ्या थांबल्या की हा कुंभकर्ण उठतो. असे झोपलेले किती, ते मोजायचं मावशींनी. मोजायचं म्हणजे एकेकाला उठवायचं. प्लॅस्टिकच्या तबकड्यांत छोटे छोटे खण असतात. काही खणांत दहा दहा लाख पेशी घालायच्या, पुढच्यांत दोन लाख, मग चाळीस हजार, मग आठ हजार. त्यांना चिथावणारं औषध द्यायचं आणि तीन आठवडे जोपासायचं. दर तीन-चार दिवसांनी खणांतलं अर्धं पोषक पाणी काढून नवं घालायचं, रविवार असो की ताप असो. शेवटी ज्या खणात विषाणू जागा झाला तो चाचणीत पिवळा दिसतो. पिवळे खण मोजले की हिशेब लागतो, इतक्या लाखांत एक.

पाणी बदलताना एक नियम मावशींनी एकोणीस वर्षं पाळला आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्यात हातोडीने ठोकला: पातळाकडून दाटाकडे. आठ हजारांच्या खणांपासून सुरुवात, दहा लाखांवर शेवट. उलट गेलं तर दाट खणातलं उष्टं पातळ खणात जातं, आणि जिथे कुणी नव्हतं तिथे पाहुणे दिसायला लागतात. म्हणून सुरुवात केली त्या कडेला झाकणावर त्या काळ्या पेनाने एक ठिपका देत, शेजारी तारीख. सवयच ती, श्वासासारखी.

आता मास्तर. हे शिंपी. साठीचे, वीस वर्षं गोळी न चुकवलेले. एक नवा अभ्यास सुरू होणार होता. ज्यांच्यात झोपलेला विषाणू फारच थोडा आहे अशा मोजक्या लोकांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, काही काळ थांबवून बघायच्या. अट होती वीस लाखांत एक किंवा त्याहून विरळ. मास्तरांना त्यात जायचं होतं. तीन तास यंत्राला दोन्ही हात बांधून घेऊन त्यांनी रक्तातल्या पेशी दिल्या आणि उठताना म्हणाले, "ताई, माप नीट घ्या हं. वीस वर्षांचं कापड आहे."

"मास्तर, मला मोजायला शिकवू नका. मी तुम्हाला काजं करायला शिकवते का?"

"शिकवा की. पण आधी तुमच्या कोटाच्या बाह्या बघा. रबर लावून धरल्यात. लाज वाटते आम्हाला."

मावशींचा पांढरा कोट खरंच कुण्या धिप्पाड माणसाच्या मापाचा होता. त्या बाह्या दुमडून वर रबर लावत.

त्या महिन्यात दुसरी मोजणारी बाळंतपणाच्या रजेवर. सगळ्या तबकड्या मावशींवर. थेंब मोजून टाकायच्या पिचकारीचं बटण दाबून दाबून उजवा अंगठा सुजलेला, डाव्याने दाबायची सवय लागलेली. एकच आशा होती. मास्तरांचं मोजून झालं की महिनाभर रजा, आणि नऊ वर्षं पुढे ढकललेलं बहिणीकडे जाणं. यजमानांनी बॅग तीन आठवडे आधीच भरून दाराशी ठेवली होती. येताजाता सगळे तिला ठेचकाळत.

एकविसाव्या दिवशी निकाल लागला. सव्वा लाखात एक. वीस लाखांचा पत्ताच नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरेरे. बरं मावशी, यादीतून नाव काढते. तुम्ही निघा आता, बहीण वाट बघत असेल."

मावशी तबकड्या टाकून द्यायला गेल्या आणि झाकण हातात धरून उभ्याच राहिल्या. चौदाव्या दिवसाचा ठिपका दहा लाखांच्या कडेला होता.

तो रविवार त्यांना आठवला. एकट्याच आल्या होत्या. दुपारची वेळ, डाव्या हाताने काम, तबकडी उलटी फिरवून ठेवलेली. थकलेल्या माणसाने चूक केली, पण ठिपका तेवढा इमानाने दिला. हसावं की रडावं.

हातात स्पिरिटचा बोळा होताच. एकदा पुसलं की संपलं. नाव आधीच निघालेलं, मास्तर गोळ्या घेत राहतील, सुखरूप राहतील, कुणाचं काय बिघडणार होतं? मावशींनी बोळा झाकणाच्या जवळ नेला. मग तो तसाच टोपलीत टाकला, तबकडी पुन्हा कपाटात ठेवली आणि घरी आल्या.

"अगं, उद्याची गाडी आहे आणि तोंड असं का?" यजमान म्हणाले.

मावशींनी सांगितलं. ते बॅगेशेजारी जाऊन बसले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," ते म्हणाले. "तुझी तर नेमकी तेवढ्याचीच निघाली."

"अहो, चेष्टा नको. सांगितलं तर पुन्हा रक्त, पुन्हा तीन आठवडे. यादी पुढच्या महिनाअखेरीला बंद होते, त्याआधीच करायला हवं. रजा गेली."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्या माणसाच्या अंगात काय आहे ते माझ्या अंगठ्याने ठरवलं."

यजमान उठले आणि बॅगेतून स्वतःचा कंगवा तेवढा काढून घेतला. "बाकीचं राहू दे भरलेलं," ते म्हणाले. "कपाटातही जागा नाहीच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं बोलणं मावशींनी खाली मान घालून ऐकलं. त्यांच्या लेकीच्या वयाची बाई. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना पातळाकडून दाटाकडे म्हणजे काय ते समजावून सांगत होतं. मग डॉक्टरीणबाई दमल्या आणि खुर्चीत टेकल्या. "मास्तरांना फोन कोण करणार?"

"चूक माझी, फोन माझा."

फोनमध्ये मास्तरांच्या मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती. मावशी बोलत गेल्या तशी ती थांबली.

"म्हणजे ताई, माप चुकलं."

"हो. माझ्याकडून."

"तीन तास परत?"

"परत. नको म्हणालात तरी मी समजेन."

पलीकडे कात्री मेजावर ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आमच्यात माप चुकून कापलं की कापड गेलं. तुम्ही कापायच्या आधी सांगताय. येतो. पण सुई टोचायला मागच्या वेळची पोरगी नको. ती टाचण्या लावल्यासारखं टोचते."

दहा दिवसांनी ते आले. पुढचे तीन आठवडे मावशींनी कसे काढले ते त्यांचा अंगठा जाणे. प्रत्येक वेळी तबकडी ठेवली की कड दोनदा बघायची, मोठ्याने म्हणायचं, "पातळ इकडे." शेजारच्या खोलीतल्यांना वाटे, बाई कुणाला तरी हाका मारतायत.

निकाल आला. बारा लाखांत एक.

मास्तर प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले होते. मावशी शेजारी बसल्या.

"बारा लाखांत एक, मास्तर. अट वीस लाखांची."

"म्हणजे नाहीच."

"नाही."

"पहिल्या वेळीही नाहीच होतं."

"तेव्हाचं चुकीचं होतं. हे बरोबर आहे."

मास्तर हसले, पण फार नाही. "बारा लाखांत एक. एवढुसा. आणि त्या एकट्यासाठी मी वीस वर्षं रोज गोळी गिळतोय."

"गिळता म्हणून तो झोपलाय. आजची घेतलीत?"

"घेतली, ताई. तुम्ही विचारणार म्हणून घेऊनच निघालो." त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसता पुसता, म्हणजे नेमकं काय पुसलं ते कळू नये असं. मग खिशातून मापाची टेप काढली. "उठा. कोट आणा तो."

"आत्ता कशाला?"

"हात लांब करा."

मावशी उभ्या राहिल्या, हात लांब केला. मास्तरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली, कागदावर आकडा लिहिला. मग टेप झटकून पुन्हा खांद्याला लावली.

"घेतलं की आत्ताच," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी लिहिला आणि दोन्हींकडे बघितलं. मान वर करतात तो मावशी भिंतीला टेकल्या होत्या, हात तसाच लांब, आणि डोळे मिटलेले.

"ताई," त्यांनी हळूच हाक मारली. "हात खाली घ्या आता. माप झालं."