उंच केलेली जीप

दादानं जीप घेतली ती मिरवायला नाही, रागानं घेतली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सोलापुरात ज्याला त्याला वाटायचं की गॅरेजवाल्याला पैसा झाला, आता शिकारीला जाणार. शिकार कसली! आमच्या घरात कुणी चिमणी मारली नाही.

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मग आक्का, मग मी शेंडेफळ. आक्काला दिलं होतं सोलापूरजवळच्या वळसंगच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत, काळ्या रानातल्या एका गावात. उन्हाळ्यात ते गाव हाकेच्या अंतरावर आणि पावसाळ्यात परमुलखात. ती माती कोरडी असली की दगड, भिजली की सरस. माणसाच्या पायाला धरते, बैलगाडीच्या चाकाला अशी लपेटते की चाकाचं जातं होऊन बसतं. म्हणून त्या गावाचा एक कायदा होता. पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत, म्हणजे पाणी जिरून माती हाताला चिकटायची थांबेपर्यंत, वाटेवर चाक घालायचं नाही. घातलं तर वाट चिरते आणि पुढचा सगळा पावसाळा चिरलेलीच राहते. कुणाला जायचंच असलं तर त्यानं बांधाबांधानं पायी जावं.

दुसरा एक रिवाज होता, तो बायकांचा. रोहिणी नक्षत्र निघालं की, मृग लागायच्या आत, गावातल्या पोटुशा बायका बैलगाडीत घालून बाहेर पाठवायच्या. कुणी माहेरी, कुणी बहिणीकडं, कुणी नुसती वळसंगला ओळखीच्या घरी. दसरा झाला की कडेवर बाळं घेऊन परत यायच्या. आक्का लग्नानंतर पहिल्यांदा हे सांगत होती तेव्हा आम्ही हसलो होतो. ती स्वतः मात्र त्या गाडीत कधी बसली नाही. वर्षं गेली तरी तिला दिवस राहिले नव्हते. दुसऱ्यांना ती गाडीत चढवायची आणि वाटेकडं बघत उभी राहायची.

दुष्काळ संपून पाऊस आला त्या वर्षी आमचे वडील गेले. निरोप पोचला, पण वाफसा नव्हता. आक्का निम्मी वाट बांधावरनं पायी आणि पुढं मिळेल त्या वाहनानं आली. आम्ही माती उरकून, अंघोळी करून बसलो होतो. ती दारात उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर खोचलेला. तिनं विचारलं, "कुटं हायत?"

आईनं तिला न्हाणीत नेलं आणि पाय धुतले. दादा मागल्या दारी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याचा राग मृत्यूवर नव्हता, त्या वाटेवर होता. तेरावं झाल्यावर तो म्हणाला, "ही वाट आता पावसात बंद राहू देणार न्हाय मी."

लिलावात एक जुनी सरकारी जीप मिळाली. बिघडलेली नव्हती, रस्त्यावर झकास चालायची आणि दांडा ओढला की चारी चाकांना जोर मिळायचा. पण दादाला रस्त्यावर चालणारी गाडी नकोच होती. थंडीभर आणि उन्हाळाभर तो तिच्याशी झटत राहिला. मी तेव्हा कॉलेजात होते. दुपारी डबा घेऊन गॅरेजला जायचे आणि तो जेवेपर्यंत खोक्यावर बसून टोमणे मारायचे.

आधी त्यानं पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, उतरवले. मूळ गाडीत चाकांचा आस पाट्यांवर बसलेला असतो. त्यानं उलटं केलं, पाटे आसाच्या वर चढवले आणि ट्रकचा एकेक जुना पाटा कापून प्रत्येकात वाढवला. जीप वीतभर उंच झाली. मग ट्रॅक्टरसारखे खोल दातांचे टायर आणले. ते मडगार्डांत मावेनात म्हणून मडगार्ड कापली. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला. धुराचा पाइप वळवून टपाच्या वर नेला, म्हणजे ओढ्यात शिरलं तरी तोंडात पाणी जायला नको. इंजिनाला ठिणगी पुरवणारी डबी भिजू नये म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. आमच्या मागच्या गल्लीत एका तेलुगू विणकराकडं मोडके माग भंगारात निघाले होते. त्यांची दातेरी चाकं आणून दादानं पुढच्या बंपरवर हातानं फिरवायचा रहाट बसवला. त्याचा तारेचा दोर झाडाला बांधायचा आणि रहाट फिरवत गाडीनं स्वतःला चिखलातून ओढून काढायचं.

मी म्हणाले, "म्हशीला घोडीचे पाय लावलेस."

"लावू दे की. चिखलात म्हैसच पुढं जाती, घोडी न्हाय."

तो हसला की वडिलांसारखा दिसायचा. त्या उन्हाळ्यात तो पुष्कळ हसला. आईला एवढ्या उंच चढता येईना म्हणून त्यानं शेवटी एक लोखंडी पायरी जोडली. आईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "माझ्या लेकीची वाट मोकळी कर गं बाई."

पहिल्याच मृगात दादा गेला. भर पावसात, वाफसा बिफसा काही न बघता. डांबरी रस्ता सोडला, दांडा ओढला, आणि चिखलाच्या पिचकाऱ्या उडवत तो आक्काच्या दारात जाऊन थांबला. सगळं गाव गोळा झालं. आक्काची सासू कानडी मुलखातली. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो शिवने, ही काय गाडी हाय का रणगाडा!" आक्का पुढं आली. तिनं जीपच्या चाकावर हात ठेवला आणि रडली.

मग काय विचारता. दोन पावसाळे त्या जीपनं गावावर राज्य केलं. गावात कुणाला ताप भरला, बियाणं संपलं, मास्तर यायचे राहिले, की वळसंगहून दादाच्या शेजारच्या दुकानात फोन यायचा आणि दादा हातातलं काम टाकून निघायचा. पैशाचं नाव नाही. गावात कशावरही एकच उत्तर तयार झालं: गाडी हाय की. म्हातारा आजारी आहे, आताच हलवू या का? राहू दे, गाडी हाय की. रोहिणी निघाली, बायकांना पाठवायचं ना? कशाला आत्तापासून लोकांच्या दारात ठेवायचं, गाडी हाय की. रोहिणीची बैलगाडी त्या दोन वर्षांत बंद पडली. कुणी बंद केली नाही. लागेनाशी झाली एवढंच.

आणि वाट? वाफसा नसताना इतकं वजन त्या दातेरी चाकांवर जायचं, त्यानं वाटेला दोन खोल चर पडले. बैलगाडीची चाकोरी रुंद, जीपची अरुंद. त्यामुळं बैलगाडीचं एक चाक चरात नि एक वर, असं होऊन बैल अडखळू लागले. गाडीवान कुरकुरायचे. दादाला मात्र त्या चरांचा अभिमान. "बघ, वाट पाडली," असं मला दाखवायचा. ओढ्याअलीकडं चरात पाणी साचून बेडकं ओरडायची. हातानं कबर खणावी तशी आम्ही ती वाट खणत होतो आणि वर फुशारकी मारत होतो. आज आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि राग काढायला समोर कुणी सापडत नाही.

तिसऱ्या वर्षी आक्काला दिवस गेले. इतक्या वर्षांनी! आईनं ऐकलं आणि देवापुढं बसून राहिली. रोहिणीतच आईचं म्हणणं होतं की पोरीला आता घेऊन या, जपून राहायचे दिवस आहेत. आक्काची सासू म्हणाली, "एवढ्या लवकर कशाला? एवढी वर्सं वाट बघितली, जरा माझ्या डोळ्यासमोर राहू द्या की. सातव्यात न्या. गाडी हाय." सासू वाईट नव्हती हो. तिला नातवाची हौस होती, आणि आक्कालाही, आयुष्यात एकदा, त्या गावात पोट घेऊन मिरवायचं होतं. सातव्यात आम्ही जीप भरून डोहाळजेवणाला गेलो. त्या आठवड्यात पावसानं ओढ दिली होती, वाट बरी होती. आक्का हिरव्या साडीत फुलांनी लगडली होती. आई म्हणाली, आता चल. तर सासू म्हणाली, सण आलेत, महालक्ष्म्या जेवू देत, मग न्या. दादानंच आईला समजावलं: "आई, तू काळजी करू नको. तू म्हनशील त्या दिवशी आणतो."

महालक्ष्म्या गेल्या आणि पाऊस धो धो सुरू झाला. आमच्याकडचा खरा पाऊस तोच, उतरणीचा, पावसाळा सरतानाचा. एका सकाळी दुकानात फोन आला. आक्काला रक्त जात होतं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, स्वतः बांधावरनं पळत वळसंगला आला होता. दादानं फोन ठेवला आणि मला म्हणाला, "चल, बाईमानूस लागंल." वळसंगला दाजीला उचललं आणि डांबर सोडलं.

जाताना पोचलो. गाडी रिकामी होती, दादा वाऱ्यासारखा हाकत होता, दोनदा रहाट लावून बाभळीला दोर बांधून निघालो. आक्काला मागं गादीवर निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "आलास न्हवं, दादा? मग झालं." तिच्या तोंडावर भीती नव्हती. सासू दारातनं म्हणत होती की बाजेवर घालून बांधानं नेऊ या का, माणसं हायत. दाजी म्हणाला, "बाजेवर कशाला हाल? गाडी हाय की."

ओढा ओलांडला, आणि अलीकडच्या चढावर, दादानं दोन पावसाळ्यांत स्वतः पाडलेल्या त्या चरांत, जीप बसली. चाकांचे दात मातीनं भरून गुळगुळीत झाले होते. चर इतके खोल की पोटाखालचा पत्रा मधल्या वरंब्यावर टेकला आणि चारी चाकं चिखलात नुसती फिरत राहिली. गाडी वीतभर उंच केलेली, आणि चर त्याहून खोल. दोर बांधायला आसपास झाड नव्हतं, नुसतं काळं रान. दादानं पहार ठोकून तिला दोर बांधला. रहाट फिरवला की पहार लोण्यातनं आल्यासारखी उपसून यायची. पुन्हा ठोकायची, पुन्हा उपसायची. समोर डांबरी रस्त्याकडेची लिंबाची झाडं दिसत होती. त्यांच्याखालनं ट्रक जाताना दिसत होते. आक्का एकदाच म्हणाली, "दादा, लई वेळ लागतोय का?"

"न्हाय, आता निघतीच," दादा म्हणाला. तो चिखलात गुडघ्यावर बसून हातानं माती उकरत होता.

शेवटी दाजी गावाकडं पळाला आणि माणसं बाज घेऊन आली. त्यांनी आक्काला उचललं आणि बांधावरनं, पूर्वी कुणालाही नेत तसं, चालत नेलं. चालणं ते किती! डांबर तर समोरच दिसत होतं. दादा पहार हातात धरून बघत राहिला. डांबरावर एक ट्रक थांबला, त्यानं सोलापूरला पोचवलं. आक्का वाचली, बाळ नाही. मुलगा होता. त्याच्या डोक्यावर आमच्या वडिलांच्या केसांसारखं दाट जावळ होतं, असं आई म्हणाली. मी बघितलं नाही. पुन्हा मूल होणार नाही, हेही दवाखान्यात त्याच दिवशी कळलं.

आक्कानं दवाखान्यात कुणाला दोष दिला नाही. दादाला तर नाहीच. सासरी गेली ती माहेरी आलीच नाही. जीप वाफसा आल्यावर बैलांनी ओढून काढली.

पुढच्या वर्षी रोहिणी निघाली तेव्हा दादानं मला बरोबर घेतलं. रोहिणीच्या बायका मीच नेतो, असा त्यानं आधीच आक्काच्या गावात निरोप धाडला होता. ऊन रणरणत होतं, गावानं चर मुरूम टाकून बुजवले होते. आम्ही पोचलो तर चावडीपुढं गावातल्या पोटुशा बायका गाठोडी घेऊन उभ्या होत्या. त्यांना आक्कानंच आणून उभं केलं होतं. तिनं एकेकीला कोपराला धरून त्या लोखंडी पायरीवरनं वर चढवलं, गाठोडी आत ढकलली, एकीच्या पाठीशी उशी लावली.

दादा स्टिअरिंगवरनं, तिच्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, तूबी चल की. आई वाट बघती."

आक्कानं जीपवरनं एकदा नजर फिरवली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ही गाडी नसती, दादा, तर मागल्या रोहिणीतच आले असते की."

दादानं गिअर टाकला. वाट कोरडी ठणठणीत होती. कुठलीही गाडी गेली असती.