एकच ब्लेड

नगर जिल्ह्यातल्या एका सबजेलचा तो तपास मी अजून विसरलेले नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी पोलीस ठाण्याची प्रभारी, जेलचा पहारा आमच्याकडे.

सकाळी हवालदार खबर घेऊन आले. तीन कच्चे कैदी पिवळे पडले होते आणि जेवण वाढणारा कैदी भाजीत काहीतरी कालवतो, असं बराकीत ठरलं होतं. हा वाढपी नागापूरच्या कारखान्यातला कामगार, मारामारीत आत आलेला. बराकीत दोनदा मार खाऊन झाला होता. विषप्रयोगाचा गुन्हा दाखल झाला असता, तर त्याचा आठवड्यावर आलेला जामीन बुडाला असता.

मी त्याला दोन तास विचारलं. तो एकच सांगत राहिला, "मीबी तीच भाजी खातो, म्याडम."

पण तो ठणठणीत होता, आणि संशय नेमका तिथेच होता.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. कावीळ दिसताच त्यांनी चार दिवसांपूर्वी पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा अहवाल आला होता : तिघांनाही हिपॅटायटिस सी. डॉक्टर म्हणाले, हा जेवणातून होत नाही, एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं की होतो. मी फोन ठेवला आणि थेट बराकीत गेले. आता विष नाही, रक्त शोधायचं होतं.

आजाऱ्यांपैकी एकाच्या हनुवटीवर खपली दिसली.

"हे कशानं?"

"तारीख हुती ना. कोर्टात साहेबांम्होरं दाढी वाढवून कसं जायाचं?"

"ब्लेड कुणाचं?"

"तुमचंच की. सगळ्यांना मिळून एकच देता तुमी."

ब्लेड गहाळ होऊ नये म्हणून एकच द्यायचं आणि लगेच परत घ्यायचं, हा नियम मीच घातला होता. मी वाढप्याकडे वळून पाहिलं. सुटेपर्यंत दाढी करणार नाही, असा त्याचा नवस होता. दाढी छातीपर्यंत आली होती.

त्याच दिवशी प्रत्येकाला वेगळं ब्लेड सुरू केलं. सगळ्या बराकीचं रक्त तपासायला लावलं, तेव्हा काहीच त्रास नसलेले आणखी दोघे निघाले. या आजारावरची इंजेक्शनं महाग आणि महिनोन् महिने चालणारी. कोर्टाला आणि वरिष्ठांना पत्रं लिहून लिहून पाचांपैकी दोघांना ती मिळवता आली. वाढप्याला ठरल्या दिवशी जामीन मिळाला.

अहवालात कारण लिहिताना हवालदारांनी विचारलं, "मॅडम, नियम कुणाचा लिहू?" मी माझं नाव घालायला सांगितलं. त्यानंतर कुठल्याही तपासात पहिला जबाब मी स्वतःचाच घेत आले.