नवऱ्याने खुणा केलेली पुस्तकं

गिरणीच्या मालकाने माझ्या यजमानांना सगळ्या कामगारांदेखत खडसावलं, त्याच आठवड्यात आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं.

साठचं दशक सरत आलं होतं. यजमान कर्जतजवळच्या एका भातगिरणीत कारकून होते. त्या दिवशी चूक मालकाचीच होती, पण यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सोबत त्यांचा मित्र होता, गिरणीतला फिटर. कळंबकडचा, घरची भातशेती असलेला, गडगडून हसणारा माणूस. तो मला म्हणाला, "वैनी, याला चा द्या. मालक वरडतो आन् इसरतो. ह्यो मातर इसरत नाय."

हे खरंच विसरले नाहीत. चार दिवसांनी वाचनालयातून एक पुस्तक घेऊन आले. आत्मविश्वास कसा कमवावा, अशा विषयावरचं. जेवण झालं की कंदिलाजवळ बसून वाचायचे, हातात पेन्सिल. मी सातवी झालेली, वाचनाची मलाही हौस. सकाळी हे गिरणीत गेले की मी तेच पुस्तक उघडायची. त्यांनी जिथे रेघ मारली असेल तिथे आधी नजर जायची.

पहिली रेघ आठवते. कुणाशीही बोलताना समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघावं, पापणी लवू देऊ नये, असं काहीतरी होतं. त्या दिवशी संध्याकाळी हे मला म्हणाले, "दूध आलं का?" आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मला हसू आलं. ते हसले नाहीत. पुढची रेघ कमी हसण्याबद्दलची होती.

मग प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये, मनात आकडे मोजावेत, अशी रेघ आली. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती विचारायची, "बाबा, पाणी देऊ?" आणि तांब्या धरून उभी राहायची. यांचे ओठ किंचित हलत असायचे. उत्तर येईपर्यंत ती तांब्या ठेवून निघून गेलेली असायची.

लोक सकाळी आभाळाकडे बघतात तशी मी त्या पुस्तकांकडे बघायला लागले. आज काय रेघ आहे, म्हणजे संध्याकाळी घरात काय होणार.

वाचनालयाच्या पुस्तकांत इतरांच्याही खुणा असायच्या. कुणाची शाई, कुणाची लाल पेन्सिल, कुणी नखाने ओरखडलेलं. मला गंमत वाटायची की बहुतेकांनी एकाच तऱ्हेच्या मजकुराशी खूण केलेली असायची. तुमची आजची परिस्थिती ही तुमची चूक नाही, तुम्ही आहात त्याहून मोठे आहात, असं जिथे जिथे लिहिलं असेल तिथे. लोक असली पुस्तकं कशासाठी नेतात ते मला तेव्हा कळलं. पाठीवर कुणी हात ठेवावा म्हणून. यजमानांनी त्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. त्यांच्या रेघा फक्त अमुक करा, तमुक करा असं सांगणाऱ्या वाक्यांखाली. मला त्याची भीती का वाटली ते त्या वेळी कुणाला सांगता आलं नसतं.

वर्षभराने हे पुढाऱ्यांच्या चरित्रांकडे वळले. मला बरं वाटलं. चरित्रं मलाही आवडायची. तुरुंगात काय जेवायला मिळायचं, आईने फाटका सदरा कसा शिवून दिला, बायकोला पत्रात काय लिहिलं, हे मी दोनदोनदा वाचायची. वाचनालय सांभाळणारे म्हातारे गृहस्थ एकदा मला म्हणाले, "ताई, चरित्राची गरिबीची आणि तुरुंगाची पानं आधी सुटतात. माणूस खुर्चीवर बसला की वाचक पुस्तक परत आणून देतात."

आमच्या घरात उलटं होतं. गरिबीच्या पानांवर एक खूण नसायची. खुर्ची मिळायच्या आधीची दोन-चार वर्षं आली की रेघांची दाटी व्हायची. कुणाला जवळ केलं, कुणाला केव्हा दूर केलं. परदेशातल्या एका पुढाऱ्याच्या चरित्रात त्याने जुन्या सोबत्याला बाजूला सारल्याची हकीकत होती. तिच्याखाली दोन रेघा होत्या आणि समासात एक अक्षर. फिटर भावोजींच्या नावाचं पहिलं अक्षर.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. यजमानांना उभं राहायचं होतं, पण गावात नाव निघत होतं भावोजींचं. ते स्वतः उडवून लावायचे. "माला हुबं ऱ्हायला येतं, खुर्चीत बसाया येत नाय," म्हणायचे. तरी लोक त्यांच्या दारात जात होते.

एकदा दुपारी ते आमचा स्टोव्ह दुरुस्त करायला आले, तेव्हा मी ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात पुसून पुस्तक घेतलं, ते अक्षर बघितलं आणि हसले. "वैनी, हे अक्षर माज्या एकट्याचं हाय व्हय? तुमच्या सासूबायचं बी तेच."

"तुम्ही जपून राहा, भावोजी."

"कुनापासनं? त्याच्यापासनं? आमी एका ताटात जेवलेली मानसं," ते म्हणाले, आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.

त्याच्या महिनाभर आधी त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला होता. गिरणीत इंजिनाच्या पट्ट्यावर जी लोखंडी जाळी असते ती गंजून तुटली होती. नवा भात यायच्या आत नवी जाळी बसवा, नाहीतर कुणाचा तरी हात जाईल, एवढाच मजकूर. भावोजींना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून अक्षर माझं, सही त्यांची. मालकापुढे ठेवण्यासाठी तो त्यांनी यजमानांच्या हातात दिला होता.

दिवाळीनंतर भरडाई सुरू झाली. डोंगरावरच्या वाडीतून आलेल्या एका मजुराचा उजवा हात पट्ट्यात सापडला आणि कोपरापासून गेला. त्याचं ओरडणं आमच्या घरापर्यंत आलं होतं. आधी मला वाटलं एखादं जनावर विहिरीत पडलं.

मालकाने चौकशी केली. यजमानांनी जबाब दिला की फिटरने तेलपाण्यासाठी जाळी काढली आणि परत बसवली नाही. अर्जबिर्ज काही आला नव्हता, असंही सांगितलं. भावोजींना त्याच दिवशी कामावरून काढलं. वाडीवरची माणसं त्यांच्या दारात येऊन शिव्या देऊन गेली. आदल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या ओसरीवर बसणारे लोक रस्ता बदलून जायला लागले.

मी संध्याकाळी यजमानांना विचारलं, "अहो, तो अर्ज मी लिहिला होता. तुमच्याच हातात दिला होता त्यांनी."

त्यांचे ओठ हलले. मग माझ्या कपाळाकडे बघत ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अगं, तू रोज वाण्याच्या याद्या लिहितेस. त्यातलंच काहीतरी आठवत असेल तुला."

आवाज चढवू नये, मऊ आवाजाला माणूस जास्त भितो, ही रेघ मी वाचली होती. तरीही मी भ्यायले.

आठ दिवस मी गप्प बसले. हे मला लिहूनच ठेवलं पाहिजे, कारण ते आठ दिवस मी स्वतःलाही नीट माफ केलेले नाहीत. भाकऱ्या केल्या, मुलीची वेणी घातली, विहिरीवर गेले. यजमानांनी त्याच दिवसांत निवडणुकीचा फॉर्म भरला.

नवव्या दिवशी मी घडला तसा सगळा प्रकार कागदावर लिहिला, खाली माझी सही केली आणि मालकाच्या बंगल्यावर नेऊन दिला. मालकाने तो उभ्या उभ्या वाचला. म्हणाला, "बाई, तुम्ही आता घरी जा."

संध्याकाळी तो कागद यजमानांच्या खिशातून निघाला. जेवताना त्यांनी तो ताटाशेजारी ठेवला. मुलगी म्हणाली, "आईचं अक्षर!" यजमान म्हणाले, "हो. चांगलं आहे." त्यांनी तो फाडला नाही. घडी घालून वाचत होते त्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला. पुढे कितीतरी दिवस तो कागद असाच एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना मी बघत होते.

हे निवडून आले. भावोजी बायकोमुलांना घेऊन खोपोलीला गेले. सामानाचा टेंपो आमच्या दारावरून गेला तेव्हा मी बाहेर उभी होते. भावोजींनी हात वर केला. त्यांची बायको दुसरीकडे बघत होती.

पुढची दहा-बारा वर्षं यजमान वर चढत गेले. गावातून तालुक्याला, तिथून पुढे. लोक त्यांना साहेब म्हणायला लागले. पुस्तकं आता विकत यायची आणि कुलपाच्या कपाटात राहायची. किल्ली त्यांच्या जानव्याला. मला संध्याकाळी काय होणार ते कळेनासं झालं. त्यांनी माझ्या अंगाला कधी बोट लावलं नाही, हेही सांगते. तरी त्यांची जीप फाटकात वळली की मुलगी पाठ्यपुस्तक घेऊन मागच्या पडवीत जायची.

त्यांच्या पन्नाशीला चरित्र काढायचं ठरलं. एक हायस्कूलचे मास्तर लिहिणार होते, सज्जन माणूस. ते वही घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, घरच्या माणसाच्या आठवणी वाचकांना फार आवडतात. आणि मित्राचं एखादं प्रकरण असावं. साहेबांना कोणी जिवाभावाचा मित्र होता का?"

यजमान आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. मी म्हटलं, "होता." आणि मी सगळं सांगितलं. जाळी, अर्ज, हात, जबाब. मास्तरांचं पेन मध्येच थांबलं.

यजमान बाहेर आले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ते मास्तरांसमोर बसले आणि म्हणाले, "लिहा. ही म्हणते तो मित्र खरा. माझ्या पानात जेवलेला. पण त्याच्या हयगयीने एका गरीब मजुराचा हात गेला, आणि मला त्याच्याविरुद्ध जबाब द्यावा लागला. त्या दिवशी मी जेवलो नाही. हिने माझी परोपरीने विनवणी केली त्याच्यासाठी. बायकांचं मन. लिहा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "असं नाही झालं." यजमान हसून म्हणाले, "बघा, अजूनही त्याचीच बाजू घेते." मास्तर खाली मान घालून लिहायला लागले.

पुस्तकातलं तेच प्रकरण सगळ्यांना आवडलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मला सांगायच्या की ते वाचताना डोळ्यांत पाणी आलं. एक तलाठी म्हणाले, मोठी माणसं कशी चुका करत नाहीत हे वाचायचा कंटाळा येतो, इथे साहेबांनी मन मोकळं केलंय. माणसाला आतून तुटताना बघितलं की वाचकाचा विश्वास बसतो. यजमानांनी तेवढं बरोबर वाचलं होतं.

मी एक प्रत घेऊन एस.टी.ने खोपोलीला गेले. भावोजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लाकडी खोक्यावर बसवलं, समोरून चहा मागवला. "वाचा, वैनी. माला चष्म्याबिगर दिसत नाय."

मी वाचलं. ते चाकाची तार आवळत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ज्याचा हात गेला त्याचं नाव हाय का त्यात?"

"नाही. गरीब मजूर, एवढंच."

त्यांनी ते नाव घेतलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्याची मला लाज वाटली. "दर साली जात हुतो त्याच्या वाडीवर," ते म्हणाले. "पयल्यांदा धोंडे मारलं लोकांनी. मंग बसाया लागलो. गेला तो औंदा." थोडा वेळ ते तारच आवळत राहिले. "तुमी लिवलेला अर्ज त्याला सांगितला हुता मी. त्यानं इस्वास ठेवला." मी निघाले तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "हे न्या. पोरं वाचतील हितं."

घरी यजमानांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"खोपोलीला. त्यांच्याकडे."

चार दिवसांनी मास्तर आले. दुसरी आवृत्ती निघत होती आणि माझ्या आठवणींचं वेगळं प्रकरण घालायचं ठरलं होतं. मला काही लिहावं लागणार नव्हतं, सगळं टाइप होऊन आलं होतं. मी, मी, असं करून लिहिलेलं. त्यात मी नवऱ्याच्या अभ्यासिकेत पहाटे दिवा ठेवत होते. मित्राच्या प्रकरणात मी हट्ट केला होता आणि पुढे मला माझी चूक उमगली होती.

"सही करा, वहिनी," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता. त्यांची बदली साहेबांच्या हातात होती.

मी सही केली नाही. कागद त्यांच्यासमोर सारला आणि आत गेले. रात्रभर वाट बघितली. यजमान नेहमीच्या वेळी जेवले, नेहमीच्या वेळी झोपले.

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. प्रकरण त्यात होतं. खाली माझी सही होती, माझ्याच अक्षरातली. मालकाला दिलेल्या त्या कागदावरून उचललेली.