अर्ध्यावर थांबणारी हाक

केडगावच्या बाजारात मी मेथी घेतो ती एका मावशींकडूनच. छातीतल्या गाठीसाठी त्यांनी रेडिएशन घेतलं. गाठ गेली, पण त्याच किरणांनी काही महिन्यांनी आतलं चांगलं फुप्फुसही आखडलं. तेव्हापासून त्यांची हाक मधेच थांबते. "मेथी घ्या मेथी..." मग जुडीवर हात टेकून एक श्वास, आणि "कवळी लुसलुशीत!"

"मावशी, चांगल्याचंही नुकसान झालं. राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"तणनाशक मारलं की कडंचा कांदाबी करपतो," त्या हसल्या. "पर रान वाचलं न्हवं?"

परवा त्यांच्या शेजारी एक नवी भाजीवाली बसली होती. धडधाकट पोरगी, पण हाक मारताना मावशी थांबतात तिथंच थांबायची. का, म्हणून विचारलं.

"मावशी थांबल्या की गिऱ्हाईक वळून बघतं," ती म्हणाली. "म्हणून मीबी थांबते."