बॉनमधला सोलवाला

बाबा गायन पार्टीत गायचे. जयंतीचे दिवस सोडले तर वर्षभर मोंढ्यावर पोती उचलायचे, आणि आई लोकांची भांडी घासायची. एका गावात बाबांनी हक्कांचं गाणं म्हटलं म्हणून वरच्या आळीतल्यांनी माइकची वायर कापली, पेटी फोडली, बाबांना मारलं. बरगड्या जुळून येईपर्यंत पोती बंद. त्या दिवसांत आम्ही भावंडं कण्या पातळ करून प्यायलो. त्या घरातून मी शिकले. माझ्या आधी आमच्यातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, हे मी कुठेही सांगते, न लाजता.

जर्मनीत, कोलोनच्या विद्यापीठात मी पीएचडीला विषय घेतला तो अमेरिकेतल्या सोल संगीताच्या गायकांचा. काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यात या गायक-वादकांनी काय केलं आणि काय गमावलं. वर्षानुवर्षं नुसते कागद वाचले. शेवटी प्राध्यापकबाई म्हणाल्या की हे सगळं आधीच छापून आलंय, यात जिवंत माणूस कुठे आहे? विद्यापीठातलं माझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपणार होतं आणि व्हिसा त्यालाच बांधलेला. प्रबंध अडला की बॅग भरून घरी.

जिवंत माणूस एकच सापडला. बॉनच्या एका आल्टर्सहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, राहणारा जुना अमेरिकन गायक. त्याने मला दारातूनच परत पाठवलं. पुन्हा गेले, तर म्हणाला, तुम्ही संशोधक येता, ऐकून घेता, पदवी घेता आणि लिहिता की गाण्यांनी हक्क मिळाले. हक्क मार खाणाऱ्यांनी मिळवले, असं सुनावून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. ट्रामच्या स्टॉपवर मी रडले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. तिथूनच घरी फोन लावला आणि बाबांना सांगितलं की मी हरले, आता परत येते. त्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, हे सोल सोल म्हणतेस ते काय असतं? आत्मा, मी म्हटलं.

“अगं येडे, आपल्या धम्मात आत्माच नाही. मग तू इतकी वर्षं शिकतीयेस काय?”

मला हसूही येईना. बॉनला शेवटचं गेले तेव्हा विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याला बाबांचं हेच बोलणं सांगून टाकलं. खोकला लागेपर्यंत तो हसला. मग त्याने टीव्ही बंद केला.

“तुझा बाप गातो?”

“गायचे.”

“मग मार खाल्ला असेल.”

“हो. बरगड्या मोडल्या.”

“बस इथे.”

आणि तो बोलायला लागला. एका हॉलमध्ये मधोमध दोरी बांधून काळे-गोरे वेगळे बसवले होते, तर त्याच्या बँडने वाजवायला नकार दिला. त्यानंतर कामं तुटली, रेडिओने गाणी लावायची बंद केली, पोटासाठी जर्मनीत यावं लागलं. मोर्च्याआधी लोक चर्चमध्ये भेदरून बसलेले असत, तो म्हणाला. ते उठून उभे राहीपर्यंत आम्ही गायचो, आमचं काम एवढंच होतं. पुढच्या काही दुपारी मी फक्त ऐकत राहिले. लिहून होण्याआधीच तो गेला. एक पानही त्याला वाचून दाखवता आलं नाही.

प्रबंध मुदतीत दिला आणि तो मंजूर झाला. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टरेट माझी आहे. त्या गायकाची साक्ष, त्याच्या नावानिशी, आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.