बिघाड कुठून आला, तेही लिहा

कॉम्प्युटर सुरू झाला की बाकीच्या प्रोग्रामांना कामाला लावतो तो कर्नेल. त्यात जगभरचे लोक दुरुस्त्या सुचवत असतात. त्यांना पॅच म्हणतात. पेनड्राइव्हसारख्या जोडण्या सांभाळणाऱ्या भागातले पॅच उज्जैनला, फ्रीगंजातल्या तुषार सरवटेच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत जात नसत. आणि तुषारच्या नजरेखालून सहजासहजी काही जात नसे.

कोडात त्याला चूक क्वचितच सापडे, सोबतच्या वर्णनात मात्र हमखास. "काय बदललं ते दिसतंय. का बदललं ते लिहा," हे त्याचं वाक्य पॅच पाठवणाऱ्यांना पाठ झालं होतं. एका भल्या जर्मन माणसाने तर त्याच्या धसक्याने दुसऱ्याच भागात बस्तान हलवलं होतं.

घरात मात्र उलटी गंगा. वडील दिलीपराव, बँकेतून निवृत्त झालेले, अधूनमधून विचारत, "तू दिवसभर करतोस तरी काय भई?"

"बाबा, ते समजावणं कठीण आहे," तुषार म्हणे. बायको पल्लवी पाहुण्यांना "कॉम्प्युटरचं आहे काहीतरी" एवढं सांगून पोह्यांवर शेव घाली.

अशात इंदूरच्या अपूर्वा किबेचा पॅच आला. पेनड्राइव्ह ओढून काढतानाच लॅपटॉप मिटला, तर मशीन गोठून बसे. दुरुस्ती एका ओळीची. तुषारने पॅच परत पाठवला: त्रास कोणाला होतो? तिने लिहिलं. पुन्हा परत: नेमकं काय केलं की होतो? तिने तेही लिहिलं. मग तिसरी हरकत निघाली: बिघाड मुळात कोणत्या बदलामुळे आला? मोघम नको.

या वेळी उत्तर नेहमीसारखं सगळ्यांना दिसणाऱ्या मेलवर न येता खाजगीत आलं. "सर, तो उल्लेख मी मुद्दाम टाळलाय. नाही लिहिला तर चालणार नाही का?"

तुषारचं डोकं फिरलं. त्याने कळवलं, "इथे कोणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. लिहा, आणि सगळ्यांसमोर लिहा."

तिने लिहिलं. तुषार चहाचा कप हातात घेऊन वाचायला बसला. काय होतं, कधी होतं, का होतं, सगळं लख्ख. शेवटी एक ओळ: हा बिघाड 'किरकोळ साफसफाई' या पॅचमुळे आला, लेखक, तुषार सरवटे.

चार वर्षांपूर्वी एक ओळ बिनकामाची वाटली म्हणून त्याने काढून टाकली होती. का काढली, याबद्दल त्या दोन शब्दांपलीकडे त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

त्याने अपूर्वाचं वर्णन पुन्हा वाचलं. एखादी खोट निघते का, एखादा स्वल्पविराम तरी इकडचा तिकडे झालाय का. नाही.

"चेहरा का पडलाय?" पल्लवीने विचारलं.

"एका मुलीने फार चांगलं लिहिलंय."

"मग? हे वाईट कधीपासून झालं?"

चहा गार झाला, तेव्हा कुठे त्याने मंजुरी दिली. लोकांनी अपूर्वाचं कौतुक केलं. जर्मनीहून तुषारला फक्त एक हसरा चेहरा आला.

पल्लवीने ते वर्णन मोबाइलवर मोठं करून सासऱ्यांपुढे धरलं. दिलीपरावांनी चष्मा लावला, आणि उभा जन्म बँकेची इंग्रजी पत्रं वाचलेल्या माणसाने ते शेवटपर्यंत वाचलं. त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, आज समजलं मला! मशीन चांगलं चालत होतं. तू एक ओळ काढलीस. लोकांची मशीनं बंद पडली. या पोरीने ती ओळ परत टाकली. इतकंच ना?"

"बाबा, ते इतकं सोपं..." तुषार थांबला. "हो. इतकंच."

संध्याकाळी दिलीपरावांनी शेजारच्या सुलूताईंना मुलाचं काम पहिल्यांदाच सविस्तर समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाऊसाहेब, त्याला पगार कशाचा देतात?"

दिलीपराव विचारात पडले. "ते काही त्यात लिहिलेलं नाही," ते म्हणाले.